ड्रायव्हरच्या सीटवरची दस्ती

राणीसावरगावच्या स्टँडवर रोज सकाळी पावणेनऊला एक बाई येते. तिला कुठेही जायचं नसतं. गंगाखेडला जाणारी नऊची गाडी येईपर्यंत ती एका ठरावीक जागी उभी राहते, गाडी आली की दहा-बारा सेकंद काम करते आणि शेताकडे निघून जाते. तिचं नाव धुरपताबाई. मी गंगाखेडच्या एका कॉलेजात ऑफिसला आहे आणि सव्वीस वर्षं त्याच नऊच्या गाडीनं जातो. त्यातली तेरा वर्षं मी तिला रोज पाहत आलो. तिनं स्वतः त्या गाडीत पाय ठेवलेला मी एकदाच पाहिला. त्या दिवशी ती थेट ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. तीच हकिकत इथे सांगायची आहे.

आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात. गाडी पुरती थांबायच्या आत खिडकीतून दस्ती आत टाकायची. ती ज्या सीटवर पडेल ती सीट टाकणाऱ्याची. हे कुठल्या नियमपुस्तकात लिहिलेलं नाही. लिहिलेल्या नियमांना आमच्याकडे जेवढा मान मिळतो तो पाहता, हे लिहिलं नाही तेच बरं झालं. गाडीत धक्काबुक्की होते, बटनं तुटतात, सात पिढ्यांचा उद्धार होतो. पण दुसऱ्याची दस्ती उचलून त्याच्या जागेवर कोणी बसत नाही. दोन दस्त्या एकावर एक पडल्या तर खालची खरी. दस्तीऐवजी टॉवेल चालतो, पिशवी चालते, चप्पलही चालते. एकानं एकदा घाईत रेशनकार्ड टाकलं. सीट मिळाली, पण उतरताना कार्ड गाडीतच राहिलं आणि परळीला गेलं.

धुरपताबाईला हे काम लागलं ते राजेश्रीमुळे. राजेश्री तिची मुलगी. लहानपणी पोलिओ झाला आणि उजवा पाय गेला. त्या पायाला गुडघ्याच्या वरपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि जाड बूट. ती चालते, पण हलत्या गाडीत पाऊण तास उभी राहू शकत नाही. अकरावीला गंगाखेडच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हा धुरपताबाईचा नवरा रंगनाथ एवढंच बोलला होता, ‘‘जागा मिळाली तं शिकंल.’’ घरातला हा एकमेव बोललेला विचार धुरपताबाईनं मनावर घेतला. दुसऱ्या दिवशी ती स्टँडवर आली. राजेश्री बारावी झाली, बी. ए. झाली, आता एका डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर लिहिते. दहाला दवाखाना उघडतो. तिथे वेळेवर पोचणं आणि उभं राहता येईल अशा पायानं पोचणं, यावर तिची नोकरी आहे. आणि ते सगळं खिडकीतून पडणाऱ्या एका फडक्यावर आहे.

फडकंही साधं नाही. राजेश्रीच्या शाळेच्या निळ्या स्कर्टचा तुकडा, एका कोपऱ्यात सुपारी बांधलेली. सुपारीशिवाय दस्ती वाऱ्यावर जाते आणि दोन सीटच्या मधे पडते, मग वाद. कोणता ड्रायव्हर ब्रेक कुठे दाबतो आणि गाडी किती पुढे येऊन थांबते, हे तिला पाठ. लोक गाडीमागे धावायचे. ती जागची हलायची नाही. तिसरी खिडकी तिच्यासमोर येऊन उभी राहायची. मी आयुष्यभर कॉमर्सच्या पोरांचे फॉर्म तपासले, पण इतकं चोख काम करणारं माणूस आमच्या ऑफिसात एकही निघालं नाही, मी धरून.

पुढे पुढे लोक आपली दस्ती तिच्याकडे देऊ लागले. तिनं ठरवलं होतं, आजारी, म्हातारं आणि पोटुशी, एवढ्यांचीच टाकायची. दर सोमवारी सरजाबाई साखरेच्या गोळ्या आणायला गंगाखेडला जायची. सत्तरीची बाई, नातवाला मास्तर करून आता तोंड मोकळं करून बसलेली. तिची पांढरी दस्ती निळीच्या शेजारी पडायची. एकदा भागवत नावाचा धट्टाकट्टा गडी आला.

‘‘मावशी, मव्ही बी टाका की एक.’’

धुरपताबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘कितवा लागलाय?’’

‘‘काय कितवा?’’

‘‘महिना.’’

सरजाबाई म्हणाली, ‘‘पोट तं दिसायलंय बाई. टाक बिचाऱ्याची.’’ भागवत त्या दिवशी मागच्या दारातून लोंबकळत गेला, आणि पुढे वर्षभर लोक त्याला तब्येत विचारत होते.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना आमच्या गावाला गर्दीचा प्रश्न सोडवण्याची अवदसा आठवली.

गर्दी खरीच होती. चव्वेचाळीस जागांच्या गाडीत नव्वद माणसं मी स्वतः मोजली आहेत. मोजणारा मी एका पायावर होतो, म्हणजे साडेएकोणनव्वद धरा. लोकांनी एसटीला निवेदन दिलं. मागणी साधी होती, आणखी एक गाडी द्या. हे निवेदन महारुद्रअप्पांच्या कानावर गेलं.

अप्पा आमच्या भागातले सेवाभावी गृहस्थ. त्यांनी आधी एक दूध संस्था काढली होती, तिच्यात दूध सोडून सगळं होतं. मग पाणी संस्था काढली, तिच्या इमारतीला नळ नव्हता. आता त्यांनी ‘गोदामाई प्रवासी वाहतूक सहकारी संस्था’ काढली आणि कुठल्याशा मोठ्या शहरानं बारा वर्षं वापरून काढून टाकलेल्या तीन सिटी बस आणल्या. त्यांना कोणी सेकंडहँड म्हटलेलं अप्पांना खपायचं नाही. ‘‘अनुभवी गाड्या म्हणा,’’ असं ते सांगायचे. तीन अनुभवी गाड्यांपैकी एक येतानाच वाटेत बसली. तिचे भाग काढून दुसरीला लावले, तेव्हा दुसरीही बसली. ती अप्पांच्या पेट्रोलपंपावर उभी करून तिच्या अंगभर अप्पांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा लावल्या. उरलेली तिसरी आमच्या वाट्याला आली.

उद्घाटनाला मंडप होता. गाडीला झेंडूचे हार, आणि अप्पांना गाडीपेक्षा मोठा. अप्पा म्हणाले, ‘‘या वातानुकूलित गाडीत प्रत्येकाला हक्काची जागा मिळेल. बांधवांनो, दस्ती टाकायचे दिवस आता गेले.’’ आणि मग आठवण म्हणून प्रत्येकाला एक पांढरी दस्ती वाटली. तिच्या मधोमध अप्पांचा हसरा चेहरा छापलेला. टाळ्या चांगल्या पडल्या. धुरपताबाईनंही दस्ती घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, ‘‘कपडा पातळ हाय. भाकरी बांधायच्या बी कामाचा न्हाई.’’

अप्पांनी आणखी एक काम केलं, जे मंडपात सांगितलं नाही. ‘आमच्या संस्थेची गाडी पुरेशी आहे, तरी एसटीची नऊची फेरी अन्य गरजू मार्गावर द्यावी,’ असं पत्र त्यांनी स्वतःच्या सहीनं देऊन टाकलं. वरच्यांनी विनंती मान्य केली. म्हणजे एकाच्या दोन गाड्या मागितल्या होत्या, त्या पुन्हा एकच झाल्या.

मी सवयीनं आत जाऊन जागा मोजल्या. एकतीस. शहरात माणूस दहा मिनिटं प्रवास करतो, उभ्यानं केला तरी चालतो, म्हणून तिथे सीट कमी आणि वर लोंबणाऱ्या कड्या जास्त. कड्या बेचाळीस होत्या. पहिल्या आठवड्यातच त्यांना दुधाच्या किटल्या, डबे आणि एका बाईची कोंबडी लटकली. मी अप्पांना म्हटलं, ‘‘गर्दी कमी करायची होती. यात तर तेरा जागा कमी आल्या.’’

‘‘भाऊसाहेब, तुमी बसायचंच बघायलाव,’’ अप्पा म्हणाले. ‘‘उभं राहायला किती जागा हाय ते बघा की.’’

गाडीत एक बाई बोलायची. म्हणजे शहरात असताना भरलेला आवाज. गावाबाहेर शेतात जाणाऱ्या पांदीजवळ आलो की ती गोड आवाजात सांगायची, ‘‘पुढील थांबा, जलतरण तलाव.’’ दोन्ही बाजूंना वाळलेल्या तुरीच्या काड्या. तिला बंद कसं करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि ड्रायव्हर पप्पूनं उद्घाटनाच्याच दिवशी दोन बटनं दाबून पाहिल्यावर पुढचं दारच बंद पडलं, तेव्हापासून त्यानं नाद सोडला.

पण खरी गोष्ट काचांची होती. गाडी वातानुकूलित म्हणून काचा कायमच्या बसवलेल्या, रबरात घट्ट. उघडणारी एकही नाही. वातानुकूलन शहरातच राहिलं होतं, काचा तेवढ्या आल्या होत्या.

पहिल्या दिवशी धुरपताबाई नेहमीच्या जागी उभी होती. गाडी आली, तिसरी खिडकी बरोबर समोर थांबली, निळी दस्ती हातातून सुटली, सुपारी काचेवर टक्कन वाजली आणि दस्ती खाली धुळीत पडली. आतले लोक हसले. बाहेरचे चढण्याच्या घाईत होते, त्यांनी दस्तीवर पाय दिले. धुरपताबाईनं ती उचलली, झटकली आणि चालू असलेल्या एकुलत्या दाराकडे पाहत राहिली. राजेश्री सगळ्यांच्या शेवटी चढली.

दाराजवळ एक सीट होती, तिच्यावर ‘दिव्यांगांसाठी राखीव’ अशी पट्टी आणि चाकाच्या खुर्चीचं चित्र. चित्राखाली भागवत बसला होता. मी त्याला चित्र दाखवलं.

‘‘भाऊसाहेब, चित्राला कोण विचारतंय,’’ तो म्हणाला. ‘‘दस्ती असती तं उठलो असतो. आईची आन.’’

आणि तो खोटं बोलत नव्हता. सरकारनं काढलेल्या चित्रापुढे तो ढिम्म होता, पण फाटक्या दस्तीपुढे उठला असता. मी उठून माझी जागा द्यावी, तर मलाच जागा नव्हती.

अकरा दिवस राजेश्री कडीला धरून उभी राहिली. चौथ्या दिवशी ब्रेक लागला तेव्हा ती पडली. पायावर बुटाच्या वर सूज आली. दोनदा दवाखान्यात उशिरा पोचली, एकदा गेलीच नाही. डॉक्टरांनी नीट शब्दांत सांगितलं, सोमवारपासून जमत नसेल तर दुसरी मुलगी पाहावी लागेल. शनिवारी गाडीतून उतरल्यावर राजेश्री आईला म्हणाली, ‘‘बाई, मी सोडते नोकरी. सोमवारी जाऊन सांगून येते.’’ धुरपताबाईनं विचारलं ते एवढंच, ‘‘सोमवारी जायचीस ना पण?’’

रविवारी गाडी स्टँडवर उभी असते. दुपारी पप्पू टायरला पाणी मारत होता. धुरपताबाई गाडीभोवती फिरली. बाजारात टरबूज दाबून पाहावं तशी एकेक काच बोटानं दाबत, डावी बाजू, मागची बाजू, उजवी बाजू.

‘‘काय बघायलाव मावशी?’’ पप्पूनं विचारलं.

‘‘उघडती का बघायले.’’

‘‘एसीची गाडी हाय. यातली काच उघडत नसती. अख्ख्या गाडीत एकच उघडती.’’

‘‘कोणती?’’

‘‘मव्ही,’’ पप्पू अभिमानानं म्हणाला. ‘‘ड्रायव्हरची.’’

सोमवारी गाडी आली. पप्पू नेहमीप्रमाणे दार उघडून चहाला गेला. सगळा गाव दाराशी डाव्या बाजूला घुसळत होता. धुरपताबाई आपल्या जागेवर नव्हती. ती उजवीकडे, जिकडे कुत्रंही नसतं, तिकडे उभी होती. चहा संपवून पप्पू आला, सीटवर बसायला वाकला आणि तसाच राहिला.

त्याच्या सीटवर, अगदी मधोमध, निळी दस्ती पडली होती. कोपऱ्यात सुपारी.

‘‘कोणाची हाय ही?’’

‘‘मव्ही,’’ धुरपताबाई दारातून म्हणाली. गर्दीनं तिला वाट दिली. गर्दीची ती सवय आहे, दस्तीवाल्याला वाट मिळते. ती पुढे आली, दस्ती उचलली आणि स्टिअरिंगसमोर बसली. पाय खाली पोचत नव्हते.

‘‘मावशी, ही ड्रायव्हरची सीट हाय.’’

‘‘मग तू टाकली व्हतीस का दस्ती?’’

‘‘मी कामून टाकू? मी ड्रायव्हर हाय.’’

‘‘तू चहाला गेला व्हतास. सीट मोकळी व्हती. मी टाकली.’’

पप्पूनं मागे वळून आमच्याकडे पाहिलं. कोणीतरी काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं. मागच्या सीटवरून सरजाबाई बोलली, ‘‘पप्पू, तिला हात लावू नको सांगून ठेवते. दहावीच्या परीक्षेला तुला टायफॉईड झालता. सात पेपर तू बसून गेलास. कोणाच्या दस्तीवर गेलास?’’

पप्पूनं मान खाली घातली. नवीनच बदलून आलेले एक बँकेचे साहेब गाडीत होते. त्यांना आमच्या पद्धती ठाऊक नव्हत्या. ते म्हणाले, ‘‘अहो, त्यांना उठवा ना. रुमाल टाकला म्हणून काय झालं?’’ त्यावर सगळ्या गाडीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी खिशात हात घालून आपला रुमाल आहे की नाही ते चाचपून पाहिलं. पंचाहत्तर माणसांना ऑफिस होतं, कोर्ट होतं, बाजार होता. सगळे चरफडत होते. पण बाईची चूक आहे असं म्हणायला एकाचंही तोंड उघडलं नाही. चूक काढायची म्हटलं तर उद्यापासून कोणाचीच दस्ती खरी राहिली नसती.

सव्वानऊला अप्पांना फोन गेला. साडेनऊला त्यांची पांढरी गाडी आली.

‘‘धुरपताबाई, हे काय लावलंय?’’

‘‘बसलेय अप्पा. तुमीच म्हणलाव, प्रत्येकाला हक्काची जागा. मला ही मिळाली.’’

‘‘तुमाला गाडी चालवता येती का?’’

‘‘तुमाला तरी कुठं येती.’’

लोक हसले, पण बेतानं. अप्पांची बरीच कामं लोकांकडे आणि लोकांची अप्पांकडे असतात.

अप्पांनी आवाज मऊ केला. ‘‘पोरीचा विषय हाय ना? मव्ह्या गाडीत बसवा तिला. मी स्वतः दवाखान्यापर्यंत सोडतो.’’

‘‘आज सोडताल. उद्या?’’

‘‘उद्याचं उद्या बघू.’’

‘‘तेच म्हणते. उद्या मी हितंच बसते.’’

‘‘बरं, मग दाराजवळची सीट तिला. मी सांगतो सगळ्यांना.’’

‘‘तिथं चित्र हाय की अप्पा. चित्रानं बी सांगितलंय.’’ भागवतनं खिडकीबाहेर पाहिलं. ‘‘तुमी गेल्यावर कोण ऐकतंय? मला दिलेली जागा नको. मला टाकायला खिडकी पाहिजे.’’

अप्पांना हे समजायला वेळ लागला. त्यांनी इतकी वर्षं लोकांना देण्याचंच काम केलं होतं, तेही भाषणात. कोणी घेण्याची सोय मागेल असं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. मी माझं पाहिलं, नऊ चाळीस. एवढ्यात गाडीतला आवाज गोडपणे म्हणाला, ‘‘कृपया पुढे सरका.’’

‘‘पप्पू,’’ अप्पा म्हणाले, ‘‘काढ रे एक काच.’’

पप्पूनं पान्याच्या टोकानं ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीचं रबर उचकटलं. बारा वर्षांचं रबर, हात लावल्याबरोबर तुटत आलं. काच चौघांनी उतरवून बाभळीला टेकवली. आत वारा आला. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्या गाडीत हवा खेळली, आणि मागून कोणी तरी म्हणालं, ‘‘अप्पा, सगळ्याच काढा की.’’

त्या सीटवर बसलेला माणूस समजून उठला होता. पप्पू म्हणाला, ‘‘मावशी, जागा झाली. बसवा राजेश्रीला.’’ पण धुरपताबाई ड्रायव्हरच्या सीटवरून उतरली, सगळ्या गर्दीतून दारापर्यंत गेली, खाली उतरली, गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला आली, दोन पावलं मागे सरली आणि दस्ती टाकली. सुपारी सीटवर वाजली. मग राजेश्री जाऊन बसली. दवाखान्यात ती त्या दिवशी पाऊण तास उशिरा पोचली, पण आपल्या पायावर पोचली. नोकरी सोडायला आले आहे, असं काही तिनं सांगितलं नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले की उद्या वेळेवर या.

आता उद्याचं सांगतो.

संपूर्ण गाडीत एक खिडकी उघडी, ही बातमी सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झाली. मंगळवारी डाव्या बाजूला कोणीच नव्हतं. सगळा गाव उजवीकडे. गाडी आली तेव्हा त्या एका भोकातून वीस-बावीस दस्त्या एकदम आत गेल्या, पाखरांचा थवा घुसावा तशा. आत जाऊन पाहतो तर दोन सीटवर दस्त्यांचा ढीग. आणि बहुतेक सगळ्या पांढऱ्या, मधोमध अप्पा. उद्घाटनाची दस्ती दुसऱ्या कशाला उपयोगी नव्हती, लोकांनी ती यासाठी काढली होती.

राजेश्री शांतपणे आली. खिडकीकडच्या सीटवरचा एकेक अप्पा तिनं उचलला, घडी केली आणि शेजारच्या सीटवर ठेवला. एक, दोन, सात, अकरा. सगळ्यांच्या तळाशी निळी होती. ती बसली. खाली उभ्या असलेल्या धुरपताबाईनं तेवढं पाहिलं आणि खुरपं घेऊन शेताकडे चालू लागली.

राहिली शेजारची सीट. तिच्यावर आता वीस दस्त्या, सारख्या मापाच्या, सारख्या हसऱ्या. सगळ्यांत खालची कोणाची? भागवत म्हणाला, ‘‘मव्ही हाय, मी ओळखतो.’’ दुसरा म्हणाला, ‘‘कशावरून?’’ भागवतनं वरचा अप्पा पाहिला, खालचा पाहिला, दोघंही सारखेच हसत होते. घडी करताना क्रम बदलला की नाही, यावर राणीसावरगाव संपेपर्यंत वाद चालला. ज्याची नाही त्यानं उचलायची नाही, आणि ज्याची आहे तो सांगू शकेना. जलतरण तलाव मागे पडला. गर्दी कमी करायला आणलेल्या त्या गाडीत आम्ही चाळीसजण कड्यांना लोंबकळत होतो, आणि ती एक सीट गंगाखेडपर्यंत तशीच गेली.

म्हणजे अगदी रिकामी म्हणता यायची नाही. अप्पा बसून आले. उद्घाटनानंतर त्या गाडीतून त्यांनी केलेला तो पहिलाच प्रवास.